बेसच्या पाठीतला सेल

गणपतीतला कार्यक्रम होता. मध्यंतरानंतरच्या दुसऱ्या गाण्यात माझ्या बेस गिटारचा आवाज फाटायला लागला. आधी खरखर, मग सूर दबत गेला आणि अंतऱ्याला पार नाहीसा झाला. साउंडवाल्या दादांनी केबल बदलली, चॅनेल बदललं, तरी काही नाही. गायिका गात होती, ढोलक चालू होती आणि खालचा आधार निघून गेला होता. गाणं कसंबसं संपलं. बिघाड सापडला तो वाद्याच्या पाठीतल्या छोट्या झाकणाखाली. 9 व्होल्टचा सेल संपला होता.

तो बेस मी जुना विकत घेतला होता. ‘ॲक्टिव्ह आहे’ असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि ॲक्टिव्ह म्हणजे आवाज दमदार, एवढंच मी समजलो. तिथेच चुकलो.

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत क्षीण वीज तयार होते. त्यासाठी सेल लागत नाही. 1951 च्या फेंडर प्रिसिजन बेसमध्ये एक पिकअप, एक व्हॉल्यूम आणि एक टोन, एवढंच होतं. असा टोन फक्त वरचा झगझगीतपणा कमी करतो, नसलेलं काही वाढवू शकत नाही. 1976 मध्ये म्युझिक मॅनच्या स्टिंगरे बेसमध्ये आत प्रीॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं छोटं सर्किट, आला. त्यामुळे खर्ज आणि वरचा आवाज वाद्यावरच वाढवता येऊ लागला. सेल लागतो तो या प्रीॲम्पला.

बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये पिकअप साधेच असतात, फक्त प्रीॲम्प सेलवर चालतो. त्यामुळे पॅसिव्हचा, म्हणजे प्रीॲम्प वगळणारा, खटका असेल तर सेल संपला तरी कार्यक्रम निभावतो. माझ्या बेसला तो नव्हता. काही वाद्यांत पिकअपच सेलवर चालतात, तिथे खटक्याचा प्रश्नच येत नाही.

माझा सेल इतक्या लवकर का संपला, तेही पुढे कळलं. या वाद्यांना वेगळं बटण नसतं. केबलची पिन जॅकमध्ये गेली की सेलचं सर्किट पूर्ण होतं. सरावानंतर मी केबल तशीच ठेवून झोपायचो आणि सेल रात्रभर जळत राहायचा. खटका पॅसिव्हवर असला तरी बहुधा हेच होतं. पिन काढणं हाच उपाय.

नॉबच्या बाबतीतही माझी समजूत चुकीची होती. जाड ‘ई’ तार मोकळी वाजवली तर मूळ कंपन सुमारे 41 हर्ट्झचं असतं. घरच्या छोट्या ॲम्पचा स्पीकर ते नीट काढूच शकत नाही, म्हणून मी खर्जाचा नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवायचो. मंडपातल्या मोठ्या सबवूफरवर त्याचा नुसता गडगडाट व्हायचा, कुठला सूर लागला ते मलाही ओळखू येत नसे. शिवाय 9 व्होल्टमध्ये प्रीॲम्पला मोकळीक मर्यादित असते. खर्ज चढवून जोरात वाजवलं की आवाज तिथेच फाटतो. काही जण त्यासाठी दोन सेलची, 18 व्होल्टची जोडणी करतात. मला वाटतं, आधी नॉब मधल्या खाचेवर आणावेत आणि मग जे जास्त होतंय ते कमी करावं. गर्दीत बेस ऐकू येत नसेल तर खर्जाला हात लावण्याआधी मधल्या सुरांचा नॉब थोडा वाढवून पाहा.

नॉबबद्दल आणखी एक: दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी वेटोळ्याच्या, पिकअपचा जॅझ बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवल्यावर विजेची गुणगुण जवळजवळ बंद होते, कारण दोन्हींचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट असतात. एक कमी केला की ती परत येते. मंडपातल्या दिव्यांजवळ हे फार जाणवतं.

आता माझ्या सेलवर बदलल्याची तारीख लिहिलेली पट्टी असते आणि केसमध्ये एक नवा सेल. जुना बेस घ्यायला गेलात तर झाकण उघडा, सेल काढा, खटका पॅसिव्हवर करा आणि चारही तारा वाजवून बघा.