ध्रुवीय रात्रीतला घाम

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे हिवाळ्यात जाणाऱ्या प्रवाशांपुढे, आधी कुत्र्यांच्या स्लेजमधून फेरी आणि मग उघड्या आकाशाखाली ध्रुवीय प्रकाशाचे दर्शन, असा एका संध्याकाळचा जो मनोहर बेत मांडला जातो, त्यात देहाला श्रम आणि निश्चलता अशा परस्परविरुद्ध अवस्थांतून लागोपाठ जावे लागते, याची जाणीव फार थोड्यांना असते. अपाय बहुधा उभे असताना होतो. त्याचे बीज मात्र धावताना पडलेले असते.

आमच्या तुकडीत पुण्याचे एक वयस्क गृहस्थ होते. संयोजकांनी सर्वांना जाड पोशाख व बूट दिले, परंतु आत कोणी काय घातले आहे याची चौकशी केली नाही. स्लेजवर एकजण रेनडिअरच्या कातड्यावर बसतो, दुसरा मागच्या पट्ट्यांवर उभा राहून ब्रेक सांभाळतो, आणि चढ लागला की मागच्याने एका पायाने बर्फ रेटावे, प्रसंगी उतरून धावावे, असा तेथील शिरस्ता. सुटण्यापूर्वी कानठळ्या बसवणारा हस्की कुत्र्यांचा तो ताफा, बर्फात रोवलेला नांगर उचलताच एकाएकी मुका होऊन धावू लागला, तेव्हा त्या आनंदाच्या भरात गृहस्थांनी प्रत्येक चढ पायी पार केला आणि त्यांची सुती बंडी घामाने ओलीचिंब झाली.

पुढे ढग विरळ होण्याची वाट पाहत आम्ही तासाहून अधिक काळ माळावर उभे होतो. आकाशात हिरवा पट्टा उमटला आणि छायाचित्रासाठी गृहस्थांनी हातमोजे काढले. थोड्याच वेळात त्यांच्या दोन बोटांची टोके मेणासारखी पांढरी व बधिर झाली. कोणी ती बर्फाने चोळू लागला, त्यास वाटाड्या तरुणीने तत्काळ मनाई केली, बोटे त्यांच्याच काखेत धरावयास लावली आणि त्यांना तंबूत नेऊन, कोरडे कपडे देऊन, शेकोटीपासून अंतरावर बसविले. कारण गारठलेल्या त्वचेला चोळल्याने इजा होते आणि बधिर कातडीला आगीचा चटका कळत नाही. बोटे बचावली. पण बंडीविषयीचा एक प्रश्न निघण्यापूर्वी विचारला गेला असता, तर त्या भल्या माणसाची रात्र अशी भयात गेली नसती.

म्हणून सांगणे असे की, अंगालगत लोकरीचेच वस्त्र असावे, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओले वस्त्र देहाची ऊब झपाट्याने हिरावून नेते. चढ येताच, घाम फुटण्यापूर्वी, वरचा पोशाख गळ्याशी सैल करावा. कोरडी बंडी पिशवीत ठेवून, उभे राहण्याची वेळ येण्याआधीच ती बदलावी. आणि मोठ्या हातमोज्यांखाली पातळ मोजे घालावे, म्हणजे कॅमेरा हाताळताना बोटे उघडी पडत नाहीत. पडलात तरी स्लेजची दांडी सोडू नये, कारण ओझे हलके झाले म्हणून कुत्री थांबत नाहीत. उतारावर ब्रेक हलका दाबून दोर ताठ ठेवावा, नाहीतर गाडी मागच्या कुत्र्यांच्या पायांवर जाते.

प्रकाशाबद्दलही अपेक्षा यथार्थ असावी. सूर्याकडून आलेल्या विद्युत्भारित कणांमुळे शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवरील ऑक्सिजन उजळतो, तोच हा हिरवा रंग. ढग त्याच्या कितीतरी खाली असल्याने सागरी हवेच्या ट्रॉम्सोत तो अनेकदा झाकला जातो, आणि आकाश निरभ्र मिळावे म्हणून आत स्किबोटनसारख्या कोरड्या खोऱ्यात जावे, तर तेथे थंडी अधिक तीव्र असते. मंद प्रकाश डोळ्यांना करडाच दिसतो, कॅमेऱ्याला हिरवा. सबब, मुक्कामाच्या काही रात्री हाती राखाव्यात, म्हणजे एकाच रात्री हट्टाने गारठत उभे राहण्याची पाळी येत नाही.

पैसे भरण्यापूर्वी संयोजकांना स्पष्ट विचारावे, की उघड्यावर किती वेळ उभे राहावे लागेल आणि उबेचा निवारा किती पावलांवर असेल. ज्याच्याकडे सरळ उत्तर नाही त्याची फेरी, कितीही स्वस्त असली तरी, नाकारावी. आणि बरोबर वृद्ध आईवडील असतील, तर त्यांची बंडी कोणत्या कापडाची आहे हे निघण्याआधी आपण स्वतः हात लावून पाहावे.