फोटोवाल्याचं कोटेशन आणि तुझी झोप

अगं, आधी तो कागद बाजूला ठेव आणि जरा श्वास घे. दोन दिवसांचे एक लाख ऐंशी हजार, वर जीएसटी, टीमच्या गाडीचे वेगळे. मुलुंडच्या हॉलमधलं साधं दोनशे माणसांचं लग्न आणि फोटोलाच एवढे? तुझे बाबा रागावले असतील, आई गप्प बसली असेल, आणि तू रात्री दीड वाजता इन्स्टाग्रामवर आणखी चार स्टुडिओ शोधत बसली असशील. खरं सांगू का, आणखी चार सापडतील आणि आकडे साधारण असेच येतील. स्वस्तातला माणूस शोधायच्या नादाला लागू नकोस. तुला काय नको आहे ते आधी ठरव.

बाबांचं म्हणणं मला पाठ आहे. त्यांच्या लग्नात नाक्यावरच्या स्टुडिओतला माणूस आला, छत्तीस फोटोंचे दोन रोल संपवले आणि पंगतीत जेवून घरी गेला. बरोबरच आहे. पण बघ, तेव्हा बटण दाबायचेच पैसे पडायचे, म्हणून तो मोजून फोटो काढायचा. आता बटण दाबणं फुकट झालंय, त्यामुळे दोन दिवसांत हजारोंनी फोटो निघतात. मग कोणीतरी ते एकेक उघडून बघायचे, मिटलेले डोळे आणि वाकडी तोंडं काढून टाकायची, उरलेल्यांचा रंग सारखा करायचा. लग्न दोन दिवसांत उरकतं, हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. चांगला कॅमेरा सहज दोन लाखांच्या पुढे जातो, लेन्सचे वेगळे. शिवाय चातुर्मासात मुहूर्त नसतात. तुळशीचं लग्न लागलं की सगळ्यांना एकदम जाग येते आणि सगळ्यांना डिसेंबरातला रविवारच हवा असतो. त्या माणसाला मोजक्या महिन्यांत वर्षाचं भाडं काढायचं असतं गं. तो तुला लुटतोय असं मनात धरून बोलायला गेलीस, तर बोलणं बिघडेल.

म्हणून 'थोडं कमी करा ना हो' हे तर मुळीच म्हणायचं नाही. तो हसून दहा हजार कमी करेल आणि ज्याचं काम बघून तू भुललीस त्याच्याऐवजी कालपरवा शिकलेला मुलगा पाठवेल. दराला हात लावू नकोस, यादीला लाव.

आता यादी उघड. पहिला ड्रोन. लग्न एसी हॉलमध्ये, आणि वर ड्रोन कशासाठी, पंखे मोजायला? बाहेर उडवायचा म्हटलं तरी आपल्या उपनगरांच्या मधोमध विमानतळ आहे. 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्याच्या आसपासच्या आकाशात परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही, अंधेरी-घाटकोपरला तर विचारूच नकोस. वर मुंबई पोलीसही वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. तू पैसे मोजणार आणि आयत्या वेळी तो म्हणणार, मॅडम, परमिशन नाही मिळाली. ती ओळ काट. त्याखालची एलईडी वॉलही काट. लग्न समोर चाललेलं असताना लोक भिंतीवर बघत बसतात.

प्री-वेडिंगचं मी तुला काय सांगू? मी स्वतः भर मे महिन्यात गोराईला लांब मखमली गाऊन घालून गेले होते. एकाही फोटोत घाम न पुसता उभी नाही, आणि तो गाऊन नंतर कोणी भाड्यानेही घेईना. पत्रिकेसाठी दोन चांगले फोटो हवेत ना? एका रविवारी सकाळी सात वाजता, ऊन कोवळं असताना, भावाच्या हातात फोन दे. हळदीचंही तेच. सोसायटीच्या गच्चीवर हळद आहे, सगळी घरची माणसं, सगळ्यांच्या हातात फोन. तिथे चार माणसांची टीम कशाला? हळद वगळलीस की पहिला अख्खा दिवसच निघून जातो, आणि खरी बचत तिथेच आहे.

अल्बमचं नीट ऐक, कारण पैसे इथे हळूच वाढतात. करिझ्मा अल्बमचा हिशोब पानांवर असतो. कोटेशनमध्ये तीस शीट्स लिहितात, मग डिझाइन बघताना मामा राहिले, काकूंचा ग्रुप राहिला असं करत पन्नास होतात, आणि वरच्या प्रत्येक शीटचे पैसे वेगळे. माझा अल्बम इतका जड आहे की सासूबाईंनी तो कपाटातून माळ्यावर पाठवला, आणि आता तो खाली काढायला माणूस बोलवावा लागतो. तू सध्या अल्बम घेऊच नकोस. फोटो पूर्ण रिझोल्युशनमध्ये हार्ड डिस्कवर घे, एक प्रत तुझ्याकडे, एक आईकडे. अल्बम वर्षभराने, डोकं शांत झाल्यावर, स्वतः निवडून छापून घे.

मग पैसे कशावर घालायचे? लग्नाच्या दिवशीच्या माणसावर. तिथे हात आखडू नकोस. स्टुडिओचे निवडक पंचवीस फोटो बघून भुलू नकोस, एका अख्ख्या लग्नाची गॅलरी मागून घे, आणि शक्यतो मराठी लग्नाची, तेही हॉलच्या पिवळ्या दिव्यात काढलेली. आपल्या लग्नातले चांगले क्षण फार चटकन निघून जातात बघ. अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, संपलं. कानपिळीला तुझा भाऊ नवरदेवाचा कान धरणार, नवरदेव ओरडायचं नाटक करणार, सगळे हसणार, आणि ज्याला हा प्रकारच माहीत नाही तो त्या वेळी बॅटरी बदलत असणार. सूनमुखाचं तर विशेष सांग. सासूबाई आरशात तुझा चेहरा बघतात, तेव्हा फोटो तुमच्या खांद्यामागून, आरशात दोघींचे चेहरे येतील असा काढावा लागतो आणि फ्लॅश बंद ठेवावा लागतो, नाहीतर आरशात पांढरा गोळा येतो. गुरुजींकडून विधींचा क्रम लिहून घे आणि आठ दिवस आधी फोटोग्राफरला पाठव. आणि हो, मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर दोघांपेक्षा जास्त कॅमेरेवाले चढणार नाहीत हे बजावून सांग. लोक तुला बघायला आलेत, व्हिडिओवाल्याची पाठ बघायला नाही.

टोकन देण्याआधी हॉलच्या मॅनेजरला एक फोन कर. काही हॉलमध्ये त्यांचेच ठरलेले फोटोग्राफर असतात, बाहेरचा आणला की वेगळे पैसे लावतात.

आता लिखापढी. कंटाळा करू नकोस, तुझं निम्मं टेन्शन इथेच उतरणार आहे. कोण येणार त्याचं नाव लिहून घे, नुसतं 'टीम' नको, कारण एकाच तारखेला तीन लग्नं घेतली की स्टुडिओ बाहेरची माणसं पाठवतात. किती तास, किती फोटो, किती दिवसांत, सगळं कागदावर. पैसे तीन हप्त्यांत दे, आणि शेवटचा हप्ता सगळे फोटो हातात आल्यावरच. जीएसटीचे 18 टक्के लावलेत ना? एक लाख ऐंशी हजारांवर ते 32,400 होतात. मग जीएसटी नंबर आणि पक्कं बिल माग. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची नसते, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर घेताच येत नाही.

फोटो कोणाचे, हेही बघून घे. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, तू पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालक तूच असतेस, करारात उलटं लिहिलेलं नसेल तर. हे 'नसेल तर' महत्त्वाचं गं. बारीक अक्षरात हक्क स्टुडिओकडे असं बरेचदा लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ती ओळ खोडायला लाव. तुझे रडतानाचे फोटो त्याच्या जाहिरातीत नको असतील, तर तेही लिही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. लग्नाची नोंदणी करायला मुलुंडच्या टी वॉर्डात जाशील, तेव्हा लग्नपत्रिकेबरोबर लग्नातला फोटोही मागतात. तुझे फोटो तेव्हा कोणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये रांगेत असतील. म्हणून पहिल्या आठवड्यातच पाच-सहा साधे फोटो द्यायचे, हे आधीच ठरव. हार घातलेला एक तरी त्यात असू दे.

आणि समजा, देव न करो, पैसे घेऊन माणूस फोन उचलेनासा झाला, तर रडत बसायचं नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. 2019च्या कायद्यापासून तू राहतेस तिथल्या जिल्हा आयोगाकडेच तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच काम करते, त्यांचं ग्राहक भवन विलेपार्ल्याला आहे. तुझ्या ओळखीतली एखादी मावशी त्यांची सभासद नक्की असेल, तिलाच गाठ.

तेव्हा ऐक. ड्रोन, वॉल, प्री-वेडिंग, हळद आणि अल्बम काढून, एक दिवस, दोन फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला एवढ्याचंच कोटेशन मागव. आकडा किती उतरतो ते तूच बघ. डिसेंबरच्या तारखा भराभर जातात, म्हणून उद्या सकाळीच फोन लाव. नवा कागद आला की आधी मला व्हॉट्सअॅप कर, बाबांना नंतर दाखवू.