दोष माणसांत की पाण्यात? : लंडनच्या पाण्याचा इतिहास

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, असा समज अनेकांचा असतो. वर्गात इतिहास शिकविताना आम्ही मात्र विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत, की एखादे नगर ओळखावयाचे असेल तर तेथील लोक पाणी कोठून आणीत होते आणि त्या पाण्यावर सत्ता कोणाची होती, हे आधी पाहावे. या दृष्टीने लंडन शहराचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

लंडन थेम्स नदीच्या काठी वसले. नदीखेरीज झरे आणि विहिरी हाच तेथील लोकांचा आधार होता. क्लार्कनवेल, होलीवेल या नावांतील 'वेल' म्हणजे विहीरच. पुढे वस्ती वाढली आणि हे पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा तेराव्या शतकात टायबर्न येथील झऱ्यांचे पाणी शिशाच्या नळांतून चीपसाइड बाजारातील सार्वजनिक हौदापर्यंत आणण्यात आले. तेथे सामान्य नागरिकास पाणी विनामूल्य भरता येई. धंद्यासाठी पाणी नेणाऱ्यांकडून मात्र पैसे घेतले जात. १५८२ मध्ये पीटर मॉरिस याने लंडन ब्रिजच्या कमानीखाली पाणचक्की बसवून नदीचे पाणी घरोघरी चढविले. १६१३ मध्ये ह्यू मिडलटन याने हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचे पाणी सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या कालव्याने शहरात आणले. 'न्यू रिव्हर' या नावाचा हा कालवा म्हणजे त्या काळातील मोठेच कर्तृत्व होय.

परंतु येथून पाणी हा हळूहळू खाजगी कंपन्यांचा व्यापार बनला. एकोणिसाव्या शतकात आठ कंपन्यांनी शहर वाटून घेतले होते. नळाला पाणी येई ते ठरावीक दिवशी, काही तासच. गरिबांच्या गल्लीत अनेक कुटुंबांना मिळून एखादाच नळ असे. ज्या थेम्समध्ये शहराचा मैला सोडला जाई, तिच्यातूनच काही कंपन्या पिण्याचे पाणी उचलत होत्या.

अशा शहरात १८३१-३२ आणि १८४८-४९ मध्ये पटकीच्या साथी आल्या. दूषित हवेमुळे पटकी होते, असे त्या काळातील बहुतेक विद्वानांचे मत होते. गलिच्छ वस्ती, व्यसन, आळस यांमुळे गरीब स्वतःच रोग ओढवून घेतात, असेही प्रतिष्ठितांत बोलले जाई. ज्याने सोसले, त्याच्याच माथी दोष! हा न्याय आपल्या परिचयाचा आहे.

या समजुतीस आव्हान दिले ते डॉ. जॉन स्नो यांनी. यॉर्क येथील एका कष्टकरी कुटुंबात १८१३ मध्ये त्यांचा जन्म झाला. पटकी पाण्यातून पसरते, असे त्यांनी १८४९ मध्येच मांडले होते. ३१ ऑगस्ट १८५४ रोजी सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीट परिसरात साथीचा भडका उडाला आणि दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसे दगावली. स्नो यांनी घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारला : आपण पाणी कोठले पिता? मृतांपैकी बहुतेकांचे उत्तर ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक विहिरीच्या हातपंपाशी येऊन थांबत होते. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

या शोधातील दोन गोष्टी आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. त्याच परिसरात निराधारांचे एक आश्रयगृह होते. तेथे ५३५ माणसे राहत. अवतीभोवतीच्या घरांत प्रेते उचलली जात असताना तेथे केवळ पाचजण दगावले, कारण आश्रयगृहाची विहीर स्वतंत्र होती. उलट कित्येक मैल दूर, मोकळ्या हवेच्या हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा स्त्री पटकीने मरण पावली. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे आणि तेथील पाण्याची चव आवडते म्हणून रोज बाटली भरून आणवीत असे. दरिद्री वाचले आणि सुस्थितीतील स्त्री गेली. दोष दारिद्र्यात नव्हता, हवेतही नव्हता. तो पाण्यात होता.

"सर, मग ते पाणी गढूळ दिसत नव्हते का?" असे एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले होते. प्रश्न मार्मिक होता. ते पाणी परिसरात उत्तम म्हणूनच नावाजलेले होते. पुढे हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाच्या चौकशीतून उलगडा झाला. प्रारंभी स्नो यांचे मत न पटलेल्या या गृहस्थाने विहिरीलगतच्या घरातील आजारी तान्ह्या मुलाचा छडा लावला. त्या बाळाचे कपडे धुतलेले पाणी घरच्या मैल्याच्या खड्ड्यात टाकले जात होते आणि तो खड्डा विहिरीत पाझरत होता.

स्नो यांनी दक्षिण लंडनमधील दोन कंपन्यांचीही तुलना केली. एकाच रस्त्यावर दोघींचे नळ होते. शहरातील घाण नदी उचलणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले. शहराच्या वरच्या अंगाने पाणी घेणाऱ्या कंपनीच्या घरांत अवघे ३७. तरीही अधिकाऱ्यांनी हे मत सहजासहजी स्वीकारले नाही. १८५८ मध्ये स्नो निवर्तले. १८६६ मध्ये न गाळलेल्या पाण्याने पूर्व लंडनमध्ये पुन्हा बळी घेतले. अखेर १९०२ च्या कायद्यान्वये आठही कंपन्यांचा पुरवठा एका सार्वजनिक मंडळाकडे सोपविण्यात आला.

याच लंडनमध्ये बाबासाहेब १९१६ मध्ये आणि पुन्हा १९२० मध्ये शिक्षणासाठी राहिले. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तेव्हा माणसाच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून सनातन्यांनी ते पंचगव्याने 'शुद्ध' केले. ब्रॉड स्ट्रीटवरील पाणी खरोखर दूषित होते, तर महाडचा विटाळ केवळ मनात होता. पहिला दोष मोजून, विचारून, पडताळून सिद्ध झाला. दुसऱ्यास पुरावा कधीच नव्हता.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी या इतिहासातून एवढे घ्यावे. आपल्या वस्तीवर कोणी गलिच्छपणाचा ठपका ठेवला तर मान खाली घालू नये. आपल्या नळाला पाणी कोठून येते, ते किती येते, त्याची तपासणी केव्हा झाली, हे विचारावे, लिहून ठेवावे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.