बरणीतून थेट खायचं नाही

अरे, तुझ्या आईने सगळं सांगितलं फोनवर. पोट फुगतं, ढेकरा येतात, सकाळी दोन-दोनदा पळावं लागतं, आणि तू दुधाला दोष देऊन चहा कोरा केलास. आधी दिवसभरात तोंडात काय-काय टाकतोस ते मोज. सकाळी भिजवलेले बदाम, जिममधून आलास की शेंगदाण्याचं बटर, कामाच्या टेबलावर काजूची बरणी, रात्री पनीरच्या भाजीत पुन्हा काजूची पेस्ट. शिवाय आईने पाठवलेला डिंकाचा लाडू, तो तर तुझ्या हिशेबात नसतोच.

मूठभर बदाम म्हणजे साधारण तेवीस दाणे, तीसेक ग्रॅम. बदामाचं निम्मं वजन तेलाचं. तेल फार झालं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून छातीशी दडपल्यासारखं होतं. तेव्हा वाटीत काढून घ्यायचं, बरणीला झाकण लावायचं आणि बरणी वर ठेवून द्यायची. आणि चावून खा. तुम्ही मुलं फोन बघत गिळता.

आता काजूचं. मी वेंगुर्ल्याची, काजूची निंदा माझ्या तोंडून निघायची नाही. पण काजूत आणि पिस्त्यात एक साखर असते, ती लहान आतड्यात पचत नाही. पुढे मोठ्या आतड्यातले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. वालाच्या उसळीने होतं, तेच हे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने असे पदार्थ मोजून याद्या केल्यात. त्यात दहा बदाम नाजूक पोटालाही चालतात, वीस झाले की बाधू शकतात. काजू-पिस्ते त्रास देणाऱ्यांत. अक्रोड आणि शेंगदाणे त्या मानाने गरीब.

म्हणून सगळं एकदम कायमचं सोडू नकोस. दोन आठवडे पूर्ण बंद ठेव. पोट शांत झालं तर एकेक परत आण: आधी अक्रोड, तीन दिवस थोडे-थोडे. मग बदाम. काजू शेवटी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय खाल्लं आणि पोट कसं होतं ते लिही. चतुर्थी-एकादशी त्या दिवसांत आली तर हिशेब चुकतो बघ. खिचडीत कूट, वर दाण्याची आमटी, मधल्या वेळी चिक्की, आणि रात्री शिव्या खातो साबुदाणा.

रक्त घेऊन शंभर पदार्थांची 'सेन्सिटिव्हिटी' सांगणाऱ्या त्या महागड्या तपासणीच्या नादी लागू नकोस. त्यात बघतात ती आयजीजी नावाची प्रतिपिंडं, आणि ती आपण नेहमी खातो त्या पदार्थांची सापडतातच. ॲलर्जीचे तज्ज्ञ त्या तपासणीला मानत नाहीत. तिच्या भरवशावर पोळी-भात सोडून वाळलेली माणसं मी पाहिलीत.

ॲलर्जी मात्र वेगळी, तिथे थट्टा नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, घसा आवळला, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली तर लिंबूपाणी देऊन बघत बसायचं नाही. तडक दवाखाना. आणि एकदा असं झालेला पदार्थ 'जरासा खाऊन बघू' म्हणून घरी पुन्हा चाखायचा नाही. काजू, पिस्ता, आंबा, बिब्बा सगळे एकाच कुळातले. त्यामुळे ज्याला काजूची खरी ॲलर्जी, त्याला पिस्ताही बाधण्याची शक्यता मोठी. ओले काजू सोलताना आम्ही बोटांना राख फासतो, नाहीतर टरफलाच्या तेलाने कातडी सोलवटून निघते. पण ते टरफलाचं दुखणं. तेवढ्यावरून गर सोसत नाही असं ठरवू नये.

शौचात रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, तर हे माझे प्रयोग बाजूला ठेव आणि डॉक्टरांना गाठ.

तळलेले मसाला काजू आणतोस ना, ते आधी बंद कर. त्यातलं तिखट आणि तेलच निम्मं काम करतं. जुना डबा उघडलास की नाकाशी धर. खवट वास आला, दाण्यांवर बुरशी दिसली, की महाग पडले म्हणून निवडत बसू नकोस, अख्खा डबा टाकून दे. चैत्रात इकडे आलास की ओल्या काजूची उसळ करीन, पण वाटी मी भरणार.