नगराची तार, नागरिकांचे मत

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या विधिमंडळाने २००५ साली एक कायदा संमत केला. एखाद्या नगरपालिकेला अथवा कौंटीला (कौंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा) केबल दूरचित्रवाणी, दूरध्वनी किंवा शीघ्रगती इंटरनेट यांची सेवा पुरवावयाची असेल, तर तिने प्रथम मतदान घेऊन नागरिकांची संमती मिळविली पाहिजे, असा त्याचा आशय होता. वरवर पाहता ही तरतूद लोकशाहीला पोषक वाटते. परंतु तिचा पाठपुरावा दूरध्वनी आणि केबल व्यवसायातील मोठ्या कंपन्यांनी केला होता, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. नगरपालिकेच्या वाटेत मतपेटी ठेवली, तर बहुतेक नगरे त्या वाटेने जाण्याच्या खटपटीत पडणारच नाहीत, असा हा हिशेब होता. तो कसा चुकला, हे लाँगमाँट नगराच्या उदाहरणावरून चांगले समजते.

लाँगमाँट हे डेन्व्हरच्या उत्तरेस, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेले, लाखाच्या आतबाहेर वस्तीचे नगर. येथील वीजपुरवठा १९१२ सालापासून नगरपालिकेच्या मालकीचा आहे. खांब, उपकेंद्रे, देयके वसूल करणारी कचेरी आणि रात्री-अपरात्री तारा जोडणारे कामगार हे सारे तिच्यापाशी होतेच. १९९७ च्या सुमारास वीजव्यवस्थेच्या नियंत्रणासाठी नगराभोवती प्रकाशतंतूंचे एक कडे टाकण्यात आले. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या स्पंदांद्वारे संदेश धाडणारी ही तार. तिच्या क्षमतेचा अगदी थोडा अंश वीजखात्याला पुरत होता, बाकीचे तंतू निष्क्रिय पडून होते. ते घरोघरी पोचवावे, असा विचार पुढे आला. एका खासगी कंपनीशी करारही झाला. पण ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर नगराने स्वतः काही करावे, तर २००५ चा कायदा आडवा आला. नागरिकांच्या पैशातून जमिनीत पुरलेली तार नागरिकांच्याच घरी नेण्यास मज्जाव, अशी ही विचित्र अवस्था होती.

२००९ च्या नोव्हेंबरात प्रश्न मतदारांपुढे ठेवला गेला आणि तो फेटाळला गेला. अनुकूल मते सुमारे ४४ टक्के पडली. विरोधी बाजूने अडीच लाख डॉलरच्या आसपास खर्च केला होता. नगरावर कर्जाचा डोंगर होईल, तोटा अखेर करदात्यांच्या माथी येईल, हा प्रचाराचा मुख्य सूर होता. नगरपालिकेला मात्र याचे उत्तर मोकळेपणाने देता येत नव्हते. मतदानाला टाकलेल्या प्रश्नाच्या बाजूने वा विरुद्ध सार्वजनिक पैसा वापरून प्रचार करण्यास राज्याच्या निवडणूक कायद्याची बंदी आहे. नगराने फार तर दोन्ही बाजूंची वस्तुस्थिती सांगणारे पत्रक काढावे. थोडक्यात, ज्या संस्थेची योजना तिला बोलता येईना, आणि जिच्या व्यवसायाला ती योजना बाधक होती ती बाजू मात्र हवे तेवढे बोलू शकत होती.

दोन वर्षांनी, २०११ साली, तोच विषय पुन्हा मतदानाला आला. या खेपेस प्रश्नाची शब्दरचना लक्षणीय होती. करवाढ न करता, २००५ पासून हिरावलेला नगराचा हक्क पुन्हा प्रस्थापित करावा काय, असे मतदारांना विचारण्यात आले. प्रथम सेवा कोणती, कितीची हे न विचारता हक्क कोणाचा हे विचारले गेले. विरोधी बाजूने चार लाख डॉलरहून अधिक खर्च केला. उडी घेण्यापूर्वी नीट पाहा, अशा अर्थाचे नाव धारण केलेली एक समितीही निघाली. समर्थकांजवळ पैसा अगदी तुटपुंजा होता. अंगणात रोवलेल्या पाट्या, स्थानिक वृत्तपत्रातील वाचकांची पत्रे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांतील बोलणे एवढ्यावरच त्यांची भिस्त होती. तरीही सुमारे ६० टक्के मतदारांनी होकार दिला. एवढ्या लहान नगरात एवढा पैसा ओतला जात आहे, त्या अर्थी त्या तारेत काही मोल असले पाहिजे, असा तर्क काही मतदारांनी केला असल्यास नवल नाही.

हक्क मिळाला, पण हक्काने तार टाकली जात नाही. स्वतःच्या मिळकतीतून थोडे थोडे काम करावयाचे, तर पुष्कळ वर्षे लागली असती. म्हणून २०१३ च्या नोव्हेंबरात सुमारे साडेचार कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांसाठी तिसरे मतदान झाले. त्याआधी दोनच महिने सेंट व्रेन नदीच्या महापुराने नगराची दैना केली होती. अशा वेळी लोक कर्जाला नकार देतील, ही भीती अनाठायी नव्हती; परंतु दोनतृतीयांशांहून अधिक मते अनुकूल पडली. २०१४ पासून ‘नेक्स्टलाइट’ या नावाने सेवा सुरू झाली. आरंभी नोंदणी करणाऱ्यास महिना ४९.९५ डॉलरमध्ये सेकंदाला एक गिगाबिट वेग देऊ करण्यात आला, आणि तो माहिती घेण्यास व धाडण्यास सारखाच होता. पुढे निम्म्याहून अधिक घरांनी ती घेतली.

यावरून नगराची तार सर्वत्र यशस्वीच होते, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. इलिनॉय राज्यातील बटाव्हिया, जिनीव्हा आणि सेंट चार्ल्स या शेजारी नगरांनी २००३ आणि २००४ असा दोनदा नकार दिला, आणि तो विषय तेथेच संपला. युटा राज्यातील प्रोव्हो नगराने उभारलेले जाळे तर २०१३ साली गूगल कंपनीला एका डॉलरला द्यावे लागले, आणि ते उभारण्यासाठी काढलेले कर्ज नागरिक त्यानंतरही फेडीत राहिले. लाँगमाँटच्या विरोधकांनी दाखविलेली भीती निव्वळ कल्पित नव्हती, हे यातून दिसते. मात्र लाँगमाँटपाशी शतकभराचा वीजव्यवसाय होता, आणि खर्चाचा मोठा वाटा त्या जुन्या व्यवस्थेने आधीच पेलला होता.

कोलोरॅडोत लाँगमाँटच्या पावलावर पाऊल टाकणारी नगरे वाढत गेली. डोंगरातील एस्टेस पार्क या छोट्या नगरात २०१५ साली ९२ टक्के मते अनुकूल पडली. २०१३ च्या पुरात रस्ते आणि तारा तुटून जगाशी संबंध सुटणे म्हणजे काय, हे त्या लोकांनी अनुभवले होते. फोर्ट कॉलिन्समध्ये २०१७ साली विरोधी प्रचारावर नऊ लाख डॉलरहून अधिक खर्च होऊनही सुमारे ५७ टक्के मतदारांनी होकार दिला. अशा रीतीने शंभराहून अधिक नगरे आणि कौंट्या मतदानाद्वारे कायद्याच्या कक्षेबाहेर पडल्या. यांतील कित्येकांनी स्वतःची तार पुढे टाकलीच नाही. हक्क हाती असला की खासगी कंपनीशी बोलणी करताना बळ येते, एवढ्यावर ती समाधानी होती.

१ मे २०२३ रोजी राज्यपाल जेरेड पोलिस यांनी नव्या विधेयकावर स्वाक्षरी केली आणि अठरा वर्षांची ही सक्ती संपली. आता कोलोरॅडोतील नगरसभा स्वतःच्या ठरावाने हा निर्णय घेऊ शकते.