'रोड रॅश'चा रस्ता



मुंबई-आग्रा रस्ता आपल्या पिंपळगांवाजवळून जातो. टोमॅटोच्या हंगामांत क्रेटांनीं भरलेल्या पिकअप गाड्यांची त्यावर जी रांग लागते, ती आपण सर्वांनीं पाहिली आहे. आज मात्र दुसऱ्या एका रस्त्याविषयीं लिहावयाचें आहे. तो संगणकाच्या पडद्यावरचा रस्ता होता, आणि पालकवर्गांतील पुष्कळांनीं लहानपणीं त्यावरून मोटारसायकल दामटली असेल. त्या खेळाचें नांव 'रोड रॅश'.

नांवाचा अर्थ प्रथम पाहूं. चालत्या दुचाकीवरून पडून मनुष्य डांबरावर घसरत गेला म्हणजे त्याची कातडी सोलवटून निघते. त्या जखमेस इंग्रजींत हा शब्द आहे. हें नांव ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे.

१९९१ सालीं अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या कंपनीनें सेगा कंपनीच्या 'जेनेसिस' यंत्रासाठीं हा खेळ प्रथम काढला. कॅलिफोर्नियांतील सार्वजनिक रस्त्यांवर बेकायदा शर्यत लावावयाची, शेजारच्या स्वाराला ठोसा अथवा लाथ मारावयाची, त्याच्या हातांतला सोटा हिसकावून त्याच्याच पाठींत घालावयाचा, आणि पोलिसांच्या हातीं न लागतां पहिल्या कांहीं क्रमांकांत पोंचावयाचें, असा त्याचा रीतिरिवाज. बक्षिसाच्या पैशांतून अधिक वेगाची गाडी घेतां येई. पोलिसानें पकडल्यास दंड होई, गाडी मोडल्यास दुरुस्तीचा खर्च पडे, आणि तो देण्यास पैसा नसला म्हणजे खेळ खलास होई.

आतां त्या यंत्रानें रस्ता दाखविला कसा, तें समजून घेण्यासारखें आहे. द्राक्षबागेच्या एका टोकाला उभे राहा. दोन ओळींमधील वाट जवळ रुंद दिसते व दूर जातां जातां अरुंद होत जाते; दुप्पट अंतरावरची वाट निम्मी रुंद दिसते. त्या काळच्या यंत्रास खरोखरीचा घन रस्ता रचण्याचें बळ नव्हतें. म्हणून पडद्यावर आडव्या बारीक पट्ट्या एकावर एक मांडीत. खालची पट्टी रुंद, वरची तिच्याहून अरुंद. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीपेक्षां थोडी अधिक उजवीकडे सरकविली कीं रस्त्याला उजवें वळण पडलें! पट्ट्या वर-खालीं सरकविल्या कीं चढ-उतार झाला. फिक्या व गडद रंगांचे पट्टे भराभर खालीं उतरवीत नेले कीं रस्ता मागें धांवूं लागे. झाडें म्हणजे सपाट चित्रें. तीं जवळ येतांना मोठीं करावयाचीं, इतकेंच. स्वार बिचारा पडद्याच्या खालच्या भागांतच राही. ही युक्ति 'रोड रॅश'कारांनीं शोधलेली नव्हे. नाम्को कंपनीच्या 'पोल पोझिशन' (१९८२) व सेगाच्या 'आउट रन' (१९८६) ह्या मोटारींच्या खेळांत ती आधींच होती.

१९९२ सालच्या दुसऱ्या भागांत अलास्का, हवाई, टेनेसी अशा ठिकाणचे रस्ते आले, सोट्याच्या जोडीला साखळी आली, आणि पडदा दुभागून दोघांस एकाच वेळीं खेळतां येऊं लागलें. १९९५ च्या तिसऱ्या भागानें स्वारांस ब्राझील, केनिया, जपान असें जगभर फिरविलें.

खरा पालट मधल्या काळांत, १९९४ सालीं झाला. 'थ्रीडीओ' नांवाच्या यंत्रासाठीं खेळ नव्यानें बांधला गेला, आणि १९९६ सालीं तोच विंडोजच्या संगणकावर आला. आपल्याकडे ज्याला 'रोड रॅश' म्हणून ओळखतात तो हाच. खऱ्या माणसांचीं छायाचित्रें घेऊन स्वार केले होते. शर्यतीपूर्वीं व नंतर चलच्चित्रें दिसत. नामांकित वादकवृंदांचीं गाणीं होतीं. पांच मार्गांपैकीं एक नापा खोऱ्यांतला होता. हें खोरें द्राक्षांविषयीं आपल्या निफाड तालुक्याइतकेंच प्रसिद्ध आहे, हें खेळतांना फारच थोड्यांना ठाऊक असेल. साध्या संगणकावरही हा खेळ चाले, म्हणून संगणकवर्गांतून आणि सायबर कॅफेंतून तो गांवोगांव पोंचला. त्या प्रतींपैकीं मोल देऊन घेतलेल्या किती, हा प्रश्न न विचारलेला बरा.

१९९८ च्या 'रोड रॅश थ्रीडी'मध्यें सगळा खेळच घन आकृतींचा झाला. मारामारी मागें पडली आणि, माझ्या मतें, खेळाची गंमतही. २००० सालच्या 'जेलब्रेक'मध्यें तुरुंगांतील सोबत्याला सोडविण्याची कथा व जोडगाडी आली. त्यानंतर ही मालिका थांबली.

ह्या साऱ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र बदलली नाहीं. पडद्यावर दोन माप-रेषा असत: एक स्वाराच्या दमाची, दुसरी गाडीच्या मोडतोडीची. दम संपला कीं स्वार उडून पडे. पण तो लगेच उठे, धांवत गाडीपाशीं जाई, आणि त्याची रेषा पुनः भरलेली असे. गाडीची रेषा मात्र शर्यतींत भरून येत नसे. म्हणजे ज्या खेळास जखमेचें नांव दिलें, त्यांत दुखापत कायमची व्हावयाची ती गाडीला. माणसाला कधींच नाहीं! रस्ता वर्षानुवर्षें अधिक खरा होत गेला. पडणें होतें तसेंच खोटें राहिलें.

हें मीं लिहितों त्याचें कारण आपल्यांपैकीं कांहीं जण वडिलांची मोटारसायकल घेऊन महामार्गावर जातात. २०१९ सालीं दुरुस्त झालेल्या मोटारवाहन कायद्याप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. पालकांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. परंतु मला अधिक चिंता गणिताची वाटते. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. समोर अडथळा दिसून ब्रेक दाबीपर्यंत एक सेकंद जातो, असें धरूं. तेवढ्यांत गाडी १० मीटर पुढें गेली. चांगल्या कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदास ५ मीटरनें कमी होतो असें मानल्यास थांबेपर्यंत आणखी १० मीटर लागतात, एकूण २०. आतां वेग दुप्पट करा, ताशीं ७२. पहिला टप्पा २० मीटर; दुसरा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढून चौपट, म्हणजे ४० मीटर. एकूण ६०. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. पाऊस पडलेला असला किंवा रस्त्यावर टोमॅटो सांडून चिखल झालेला असला तर ह्याहून अधिक.

इयत्ता नववीच्या मुलांनीं येत्या शनिवारीं खेळाच्या तासाला मैदानावर फक्कीनें तीन रेघा आखाव्या: शून्यावर, २० मीटरवर व ६० मीटरवर. एकानें पहिल्या रेघेवर उभें राहावें, दुसऱ्यानें शेवटच्या रेघेवर, आणि आवाज न चढवितां एकमेकांस हांक मारून पाहावी.