डिजिटल कलेच्या स्पर्धा : परीक्षण तंत्राचे की कलेचे?

प्रश्न : डिजिटल माध्यमांतील कलास्पर्धांत नेमके कशाचे मूल्यमापन होते?

उत्तर : या प्रश्नाचा विचार ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९८७ साली सुरू झालेल्या ‘प्री आर्स इलेक्ट्रॉनिका’ या स्पर्धेच्या आधारे करता येतो. संगणकीय चित्र, अ‍ॅनिमेशन आणि संगीत या तीन विभागांनी तिचा आरंभ झाला आणि पहिल्याच वर्षी अ‍ॅनिमेशनचा ‘गोल्डन निका’ हा सर्वोच्च पुरस्कार जॉन लॅसेटर यांच्या ‘लक्सो ज्युनिअर’ या लघुपटाला मिळाला. त्यातील छायाप्रकाशाचे तंत्र त्या काळी नवे होते, तरी तो आजही पाहिला जातो तो टेबलावरच्या दोन दिव्यांमध्ये ओतलेल्या स्वभावामुळे. १९९० मध्ये परस्परसंवादी कलेचा, म्हणजे प्रेक्षकाच्या हालचालीला प्रतिसाद देत घडणाऱ्या कलाकृतींचा, विभाग जोडला गेला आणि त्यात मायरन क्रूगर यांच्या ‘व्हिडिओप्लेस’चा गौरव झाला. पुढे १९९९ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीला आणि २००४ मध्ये विकिपीडियाला गोल्डन निका मिळाल्याने ‘कलाकृती’ या संकल्पनेची मर्यादाच ताणली गेली. कलासमीक्षेच्या दृष्टीने हे निर्णय वादग्रस्त, पण फलदायी म्हणावे लागतील. तंत्राची नवलाई लवकर ओसरत असल्याने, प्रवेशिका पाठवणाऱ्याने उपकरणाच्या वर्णनापेक्षा त्या तंत्राशिवाय संबंधित कल्पना का साकारली नसती, हे स्पष्ट करणे अधिक उपयुक्त ठरते.